पालथा फोटो

मागच्या महिन्यात माझ्या भाच्यानं घरच्या ग्रुपवर माझ्या मायचा फोटो टाकला. ती आपली आजी आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. खाली लिहिलं होतं, ‘वृद्धाश्रमात सोडलेल्या आईचे अश्रू. आईवर प्रेम असेल तर पुढे पाठवा.’ त्याला तो कुठल्याशा दुसऱ्या ग्रुपवर मिळाला होता, आणि तिथं कुठून आला ते कोण जाणे. त्याच्या बायकोनं लगेच रडक्या चेहऱ्यांची रांग लावली. मी इथं कारध्याला ओट्यावर चहा घेत बसले होते. चष्मा पुसला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. डोळे मिटलेले, तोंड उघडं, कपाळापासून हनुवटीपर्यंत चिखल, दोन्ही तळवे समोर. फोटो हातोहात फिरून पार पुसट झाला होता, पण डाव्या कानातली ती वाकडी बाळी मी कुठंही ओळखीन. वृद्धाश्रम कुठला न अश्रू कसले! तेव्हा माझी माय चाळिशीचीही नव्हती, आणि ती हसत होती. इतकी हसत होती की तिला श्वास घेता येत नव्हता. त्याच ग्रुपवर माझा मोठा भाऊ मिलिंदही आहे, भाच्याचा बाप. त्यानंही फोटो पाहिला होता आणि एक अक्षर लिहिलं नव्हतं. हे प्रकरण मी या पुस्तकातून गाळणार होते. आता गाळत नाही.

एकोडीचं आमचं घर मोहल्ल्याच्या शेवटी होतं. मागच्या दाराची कडी काढली की तळ्याची पाळ, आणि पाळीच्या खाली नजर पोहोचेल तिथवर धानाच्या बांध्या, एकीला एक चिकटलेली खाचरं. बाबा नाकाडोंगरीकडे खाणीत कामाला होते, ते महिन्यातून एकदा येत, दोन दिवस झोपत आणि परत जात. घर चालायचं ते मायच्या आवाजावर. सकाळी मला जाग यायची ती कांडणाच्या आवाजानं. अंगणात उखळ होतं, आणि त्यात माय आणि सगुणाकाकू दोन मुसळांनी धान कांडायच्या. एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली यायचं, मधे बोटभर फट नाही, आणि तेवढ्यात दोघींच्या गप्पाही चालायच्या. सगुणाकाकू गावातली, विणकराच्या घरची. घरातला माग बंद पडल्यापासून ती मायसोबत रोवण्याला, धानाच्या लावणीला, जाऊ लागली होती. आमच्या अंगणात येते म्हणून तिची सासू नाक मुरडायची. ‘मुरडू दे, तिचं नाक तसंही वाकडंच आहे,’ असं म्हणून ती मुसळ उचलायची. चुलीवर लाखोरीची डाळ रटरटत असायची. बाजाराच्या दिवशी निखाऱ्यावर सुकी मासोळी भाजली की तिचा वास पाळीवरच्या चिंचेपर्यंत जायचा, आणि मिलिंद नागपूरहून सुटीवर आला असला तर भाताला दुसरं आधण ठेवावं लागायचं. तो कॉलेजात होता. आमच्या मोहल्ल्यातून कॉलेजात गेलेला तो पहिलाच. मी नववीत होते, आणि तो माझ्यासाठी काय होता ते आज लिहायचं म्हटलं तर चीड येते, इतकं ते खरं आहे.

मायचा एक नेम होता. ती कुणाचं काही घेत नसे. तिच्या सासूच्या पिढीनं गावभर टोपली फिरवून शिळंपाकं आणलं होतं. धम्म घेतला तेव्हा माझ्या आजीनं ती टोपली तळ्यात फेकली. टोपली बांबूची, बुडता बुडेना, म्हणून आजी गुडघाभर पाण्यात उतरली आणि तिच्यात दगड भरले. ही गोष्ट माय इतक्या वेळा सांगायची की ते दगड मीच वेचून दिले असं मला वाटायचं. त्यामुळे कुणाच्या दारात पुढं केलेला लाडू आम्ही घ्यायचा नाही, कुणाचं जुनं कापड अंगाला लावायचं नाही. रोवणा संपल्यावर पाटलीणबाई बायांना जुनी लुगडी वाटायच्या. माय हात मागं बांधून उभी राहायची. ‘माह्या घरी आहे,’ एवढंच म्हणायची. घरी दोन होती, त्यातलं एक अंगावर.

रोवण्याच्या शेवटच्या दिवशीची आमच्याकडची रीत ठाऊक असल्याशिवाय त्या फोटोतलं काही कळायचं नाही. शेवटच्या बांधीतली शेवटची पेंढी लावून झाली की बाया मालकाला, नाहीतर मालकिणीला, चिखलानं माखतात. मग मालकानं गूळ-मुरमुरे वाटायचे, जेवण द्यायचं. ज्याचं शेत त्यालाच चिखल. पाटलीणबाई त्या दिवशी मुद्दाम धुऱ्यावर, बांधावर येऊन उभ्या राहायच्या आणि खोटं खोटं ओरडायच्या. गावातल्या बाया त्यांच्या गालाला, हाताला, पायाला चिखल लावायच्या. आमच्या मोहल्ल्यातल्या बाया पुढं झाल्या की पाटलीणबाई हसतच म्हणायच्या, ‘तुम्ही तिकूनच व.’ वर्षानुवर्षं माय ओंजळीत चिखल घेऊन तिकूनच, दुरूनच, उभी राहिली आणि मग वाकून त्याच बांधीतल्या पाण्यात हात धुवून आली. मी लहानपणी हे पाहिलं आहे. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, याची आता लाज वाटते.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे त्या वर्षी बाबांनी तळ्याखालच्या दोन बांध्या विकत घेतल्या. दोनच, पण आमच्या. मायनं रोपांसाठी पऱ्हे टाकले तेव्हापासून ती रोज सकाळी जाऊन ते उगवले का पाहायची, जणू दुसऱ्या कुणी चोरून नेले असते. रोवण्याला अकरा बाया आल्या, काही मोहल्ल्यातल्या, काही गावातल्या. मिलिंद सुटीवर होता आणि मित्राचा कॅमेरा घेऊन आला होता. रोलमधे दोन-तीनच फोटो उरले होते, म्हणून तो दिवसभर कॅमेरा गळ्यात अडकवून नुसता फिरला, कुणालाही भाव दिला नाही. संध्याकाळ होत आली. ढग फाटून तिरपं ऊन पडलं. शेवटची पेंढी लागली आणि माय कमरेवर हात ठेवून सरळ झाली. बाया तिच्याकडे पाहून हसू लागल्या. तिला उमगेचना.

‘काहून हसून राहिल्या व?’

‘अव, मालकीण झाली न तू!’ सगुणाकाकू म्हणाली आणि दोन्ही पंजे चिखलात घातले. ‘मालकिणीले सोडते का कोणी?’

‘नोको व, नोको! बाई माही, नोको!’

सगुणाकाकूनं पहिला हात मायच्या गालावर फिरवला. मग सगळ्या तुटून पडल्या. माय मागं सरली, घसरली, बांधीत बसली, आणि बसल्या जागी हसू लागली. डोक्यावरचा पदर पडला, डोळ्यांतून पाणी आलं, चिखलातून दोन रेघा उतरल्या. दोन्ही तळवे पुढं करून ती बायांना थोपवत होती आणि थोपवतही नव्हती. मिलिंद ओरडला, ‘माय, इकडं पाह्य!’ आणि कॅमेरा वाजला.

पोळ्याच्या आधी तो फोटो घेऊन आला, साकोलीहून काच लावून. मायनं तो हातात घेतला, उजेडात धरला. मग म्हणाली, ‘बापू, हा घरातच राहू दे. डोक्शावर पदर नाई माह्या.’ मिलिंद म्हणाला, ‘घरातच राहील, माय.’ फोटो बुद्धाच्या तसबिरीशेजारी लागला. येईल त्याला माय तो दाखवायची, बोट ठेवून एकेक बाई सांगायची. अकरा बाया झाल्या की बोट खाली यायचं. उन्हाकडं पाठ करून उभ्या असलेल्या मिलिंदची सावली चिखलात पडली होती, डोकं आणि कॅमेऱ्याला धरलेली दोन कोपरं. ‘अन् हा माहा पोरगा,’ असं म्हणून माय त्या सावलीवर बोट जरा जास्तच वेळ ठेवायची. काचेवर तिथं डाग पडला होता.

भादव्यात वैनगंगेला पूर आला. भंडाऱ्याकडे, नदीकाठच्या गावांत घरं गेली, जनावरं गेली. आमच्याकडे तळं सांडव्यावरून वाहिलं, रस्त्यावर चिखल झाला, बाकी धान उभं होतं, हिरवंगार. पुरानंतर महिनाभरानं एका दुपारी माय आणि सगुणाकाकू कांडत होत्या, मी सुपात पाखडत होते. अंगणासमोर जीप थांबली. मुसळं थांबली. जीपमधून चार बाया उतरल्या, शहरातल्या, इस्तरीच्या लुगड्यांत, चिखलात पाय कुठं ठेवावा ते शोधत. एक माणूस मोठा कॅमेरा घेऊन उतरला. आणि सगळ्यांच्या शेवटी, डोक्यावर एक गाठोडं घेऊन, मिलिंद.

मी धावणारच होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली. थांब. मी थांबले. का थांबले, हे मी स्वतःला आजवर विचारते.

त्यांच्यातली वडीलधारी बाई तडक मायकडे गेली. हातातल्या वर्तमानपत्राकडं पाहिलं, मायकडं पाहिलं, आणि ‘हीच ती,’ असं म्हणून तिनं मायला मिठीच मारली. माय घामानं निथळत होती, अंगावर कोंडा होता. त्या बाईला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं, हे मला आज इतक्या वर्षांनीही लिहिलं पाहिजे. ‘ताई, मीही आई आहे,’ ती म्हणाली. ‘तुमचा फोटो पाहिला त्या दिवसापासून मला जेवण गेलं नाही.’

मायनं तिच्या खांद्यावरून मिलिंदकडं पाहिलं. मग म्हणाली, ‘कोणता फोटो?’

बाईनं वर्तमानपत्र पुढं केलं. मायला वाचता येत नव्हतं. ‘शांते, वाच,’ ती मला म्हणाली. मी कागद घेतला. त्यात मायचा चेहरा होता, नुसता चेहरा आणि दोन तळवे. अकरा बाया नव्हत्या. बांधी नव्हती. खालची सावलीही कापून टाकली होती. वर मोठ्या अक्षरांत ‘टाहो’, आणि खाली ओळ होती. मी वाचली, ‘वैनगंगेच्या पुरात पोटचं लेकरू वाहून गेलेली अभागी माता.’

‘पुन्हा वाच.’

मी पुन्हा वाचलं. सगुणाकाकूच्या हातातलं मुसळ खाली टेकलं. ‘अव, पण हा त…’ ती बोलू लागली आणि मायनं तिचा हात धरला. इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

‘शांते,’ माय शांतपणे म्हणाली, ‘आत जाय. भितीवरचा फोटो पालथा कर. अन् पावन्यायले पाणी आण.’

मी आत गेले. दहा पावलं. सगळं खरं तिथं खिळ्याला टांगलेलं होतं. मी तो फोटो उचलून बाहेर आणला असता तर त्या बायांना एका नजरेत कळलं असतं. मी स्टुलावर चढले, आणि मायचं हसतं तोंड भिंतीकडे फिरवलं.

पाणी घेऊन आले तेव्हा बाई मायचा हात हातात घेऊन बसली होती. ‘केवढा होता हो?’ ती विचारत होती. मायनं मिलिंदकडे पाहिलं. सगळ्यांना दिसेल असं, सरळ पाहिलं. त्यानं तोंड उघडावं म्हणून ती थांबली होती, हे मला कळत होतं, सगुणाकाकूला कळत होतं, आणि त्यालाही कळत होतं. ‘हीच माझी माय,’ तीन शब्द. तो आपल्या चपलेला लागलेला चिखल पाहत राहिला.

‘मोठा होता,’ माय म्हणाली. ‘कालेजात शिकत होता.’

बाई हुंदके देऊ लागली. मग गाठोडं मागवलं गेलं. मिलिंदनं ते आणून मायच्या पुढ्यात ठेवलं. वरची पातळं बाईनं मायच्या हातात दिली आणि माझ्या मायनं, जिनं आयुष्यात कुणाचा लाडू घेतला नव्हता, ती दोन्ही हात पुढं करून घेतली. कॅमेरावाल्यानं फोटो काढला. तो कुठं छापून आला असेल, आणि त्याखाली काय लिहिलं असेल, मला माहीत नाही. ‘दुःखातही किती धीराची,’ असं एक बाई जाताना दुसरीला म्हणाली. बाहेर रस्त्यावरच्या चिखलाकडे बोट दाखवून तिसरी म्हणाली, ‘बघा ना, अजून पुराच्या खुणा आहेत.’ आमच्या मागं तळ्याखाली धान कमरेइतकं उभं होतं, त्याकडे कुणी पाहिलं नाही. जीप निघाली. मिलिंद पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी बसला आणि त्यांच्यासोबतच गेला.

मायनं मुसळ उचललं. सगुणाकाकूनंही उचललं. पण त्या दुपारी दोघींचा ताल जुळेना. मुसळावर मुसळ आपटत राहिलं. शेवटी सगुणाकाकू रडू लागली आणि घरी गेली.

पुढं मिलिंदकडून जे कळलं ते थोडंच आहे. पूरग्रस्तांसाठी कॉलेजात फोटोंचं प्रदर्शन होतं. एकटा चेहरा जास्त भिडतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्यानं फोटो कापला. फोटोला नाव दिलं नव्हतं. आलेली एक बाई त्यापुढं उभी राहून रडू लागली. तिनं विचारलं, ‘लेकरू गेलं का हिचं?’ आणि हा गप्प राहिला. ‘मी खोटं बोललोच नाही,’ तो मला म्हणाला होता. ‘त्यांनीच ठरवलं.’ मग बक्षीस, मग वर्तमानपत्र, मग जीप. बायांनी गाव विचारलं तेव्हा त्यानं वाट दाखवली, ती आपली माय आहे हे सांगितलं नाही. माय साधी आहे, लुगडी घेईल आणि विषय संपेल, असं त्याला वाटलं होतं. परक्या माणसांनी चिखल पाहिला, त्यांना पूर दिसला. त्यांना आमची रीत कशी ठाऊक असणार? पण तो तिथं उभा होता. कॅमेरा त्याच्या डोळ्याला होता. तिच्या हसण्याचा आवाज त्यानं ऐकला होता.

धान कापून झाल्यावर तो घरी आला. गाठोडं तोवर आतल्या फळीवर तसंच होतं, गाठ न सोडलेलं. मायनं नव्या तांदळाचा भात केला, वांग्यात सुकी मासोळी टाकली, त्याला आवडायची तशी. वाढलं, शेजारी बसून वारा घातला, अजून घे म्हणाली. तो जेवला. हात धुवून आला तेव्हा मायनं फळीवरून गाठोडं काढून त्याच्यासमोर ठेवलं.

‘हे तुह्यं होय, बापू. तू गेला म्हून भेटलं.’

तो रडला. पायावर पडला. ती बाईच तसं म्हणाली, मी काय करू, असं काहीतरी म्हणाला.

‘तिचा मले राग नाई,’ माय म्हणाली. ‘तिले का मालूम?’

त्या गोष्टीबद्दल ती पुन्हा कधी काही बोलली नाही. मिलिंदला नोकरी लागली, शहरात घर झालं, लग्न झालं. माय त्याच्याकडे जायची, राहायची, नातवाला मांडीवर घ्यायची. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं. पण तिनं पुन्हा कुणाला आपला फोटो काढू दिला नाही, आणि भिंतीवरचा तो फोटो ती गेली त्या दिवसापर्यंत पालथाच होता. मी एकदा सुलटा करायला गेले तर म्हणाली, ‘राहू दे. मी का रडून राहिली का हासून राहिली, मलेच आता समजत नाई.’ तिच्या डोळ्यांदेखत लोकांनी तिचं हसू नेलं होतं. त्यांना ते उचलून देणारा हात घरातला होता.

तो फोटो आता माझ्याकडे आहे, इथं कारध्याला, दर्शनी भिंतीवर, सुलटा. भाच्याचा मेसेज आल्यावर मी दोन आठवडे गप्प बसले. मग विचार केला की या घरात गप्प बसणारा एक पुरे. फोनवर भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढला, काचेवरच्या डागासकट, आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘निशांत, तू पाठवलेली बाई ही आहे. ही तुझी आजी. रडत नाही, हसते आहे. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा स्वतःच्या शेतात रोवणा केला होता. भोवती अकरा बाया आहेत, मोजून घे. आणि खाली चिखलात ज्याची सावली पडली आहे, तो तिचा मुलगा.’

खुणा निळ्या झाल्या. भाच्यानं पाहिलं, त्याच्या बायकोनं पाहिलं, मिलिंदनं पाहिलं. भाच्यानं लगेच विचारलं, ‘बाबा, ही खरंच आजी आहे? मुलगा म्हणजे तुम्ही?’

मिलिंद लिहितो आहे असं वर दिसू लागलं. मी चहा बाजूला ठेवला. ते मिटलं, पुन्हा दिसलं, पुन्हा मिटलं. मी ओट्यावर ऊन उतरेपर्यंत बसून होते. त्याचं उत्तर आलं नाही.